बसणारा प्लग आणि लागणारा प्लग

आमच्या सेलूपासून समुद्र किती लांब? नकाशावर सरळ पट्टी ठेवली तरी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. इथे बसून मी बोटीच्या इंजिनाच्या स्पार्क प्लगवर लिहिते आहे म्हटल्यावर पुण्याची धाकटी म्हणणार, "ताई, तुला आता हेच राहिलं होतं का गं?" म्हणू दे. निवृत्त बाईमाणसाला कुठल्याही विषयात नाक खुपसायचा हक्क असतो, आणि हा विषय तर माझ्या दारात चालत आला.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडा भूगोल. सेलूजवळून दुधना वाहते. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. तालुक्यात ब्रह्मवाकडीला दुधनेवर मोठं धरण आहे. निम्न दुधना म्हणतात त्याला. त्याचं पाणी मागे जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्याकडे पसरलंय. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात नदीतून पायी जायचो, आणि आता काही ठिकाणी या काठावरून पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. एवढं पाणी आलं म्हणजे मासे आले, मासे आले म्हणजे मासेमारी आली. रोहू, कटला, मृगळ. बहुतेक जण अजून वल्ह्याच्या होडीवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर जातात. इंजिन लावणारे थोडे.

त्या थोड्यांपैकी एक माझा विद्यार्थी. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. १९८०च्या दशकात मी सेलूजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत होते, तेव्हाचा. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, इंग्रजीच्या तासाला हमखास खिडकीबाहेर बघायचा, पण नदीला पाणी किती चढलं हे सगळ्यांच्या आधी त्याला ठाऊक. आता पन्नाशी ओलांडली आहे, केस माझ्याइतकेच पांढरे. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जो हाहाकार केला तो तुम्हाला आठवत असेल. किती गावांतून माणसं बोटीनं काढावी लागली. ते पाहिल्यावर त्यानं ठरवलं की आपल्या होडीला इंजिन पाहिजेच. जाळ्यालाही उपयोगी, आणि वेळ आली तर माणसाला पण. मग उसनेपासने करून कोकणातून एक जुनं इंजिन आणलं. १५ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक.

दोन महिने बरं चाललं. मग एक दिवस ऐन पाण्यात बंद पडलं. हा आणि त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा होडीत, संध्याकाळची वेळ आणि वारं सुटलेलं. इंजिन आहे म्हणून वल्ही काठावरच ठेवलेली! दोरी ओढून ओढून पोराच्या हाताला फोड आले. शेवटी होडीतली फळी उचकटून तिनं पाणी मारत अंधारात काठाला लागले, तेही भलत्याच गावाच्या. घरी आल्यावर बायकोनं एकच वाक्य ऐकवलं, "पोरगं आता त्या मशीनवर जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हा माझ्या ओट्यावर.

"बाई, तुम्ही लूनाचा पलग सोता काढायच्या नं? हे बघा ओ जरा. मशीन चालूच होईना गेलंय."

आणि रुमालात गुंडाळलेले दोन प्लग त्यानं माझ्यासमोर ठेवले.

आता लूनाचं सांगितलं पाहिजे. कायनेटिकची लूना १९७२ साली बाजारात आली. मी घेतली ती पुष्कळ नंतर, खेड्यातली शाळा मिळाल्यावर. पन्नास सीसीचं ते इंजिन, पेट्रोलमध्ये तेल घालून चालायचं. आठ-दहा दिवसांनी ती रस्त्यात रुसायची. प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घालून फट बघायची, फुंकर मारायची, परत बसवायचा. प्लगपाना माझ्या पर्समध्ये असायचा, फुटपट्टी आणि खडूच्या डबीशेजारी. त्या काळी बाईमाणूस रस्त्याच्या कडेला प्लग काढतंय म्हटल्यावर बैलगाडीवाले थांबून बघायचे. त्या बघणाऱ्यांत हा पोरगाही असणार, त्याशिवाय चाळीस वर्षांनी आठवण कशी राहिली? २०२४ साली विजेवरची लूना आली, तिला प्लगच नाही. चांगलंच आहे, पण पर्समधल्या पान्याची ऐट आता कुणाला कळायची नाही.

असो. तर ते दोन प्लग.

दोन्ही काळे होते. नुसते काळे नव्हेत, तेलकट आणि ओले. बोट लावलं तर बोटाला काजळ आलं. प्लगचं टोक म्हणजे इंजिनाची जीभ असते. वैद्य नाही का, "आ कर" म्हणून जीभ बघतात, तसं मेकॅनिक प्लग बघतो. टोक फिकट कॉफीच्या रंगाचं असलं तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा इंजिन फार वेळ हळू चालवलंय, किंवा प्लग पुरेसा तापत नाही. ओलं तेलकट असलं तर तेल जास्त झालंय. आणि पांढरं फटक, फोड आल्यासारखं असलं तर प्लग प्रमाणाबाहेर तापतोय. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण काळा प्लग इंजिन बंद पाडतो, पण पांढरा प्लग इंजिन मारतो.

मी विचारलं, "तेल किती घालतोस?"

"अंदाजानं घालतो बाई. थोडं जास्तच. मशीनला बरं असतं नं."

"आणि कोणतं?"

"स्कूटरचं, टू-टी."

झालं! अर्धं निदान ओट्यावरच. त्याला म्हटलं, आधी या मशीनचं पुस्तक शोधू. पुस्तक अर्थातच नव्हतं, कोकणातून आलं ते नुसतं इंजिन. पण इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल नंबर त्यानं फोनवर फोटो काढून आणला, तो मी नातवाला पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत पुस्तिका माझ्या फोनवर हजर. इंग्रजीत. मग मी चष्मा लावून बसले, शेजारी तो, आणि आमचा तास सुरू झाला.

पुस्तिकेत प्लगचा नंबर होता एनजीके बी७एचएस-१०. जुन्या प्लगवरही तेच छापलेलं निघालं. पण जुन्यावर आहे तेच बरोबर असं धरून चालायचं नसतं. आधीच्या मालकानं काय बसवलं असेल, कोण सांगणार? प्लगचा नंबर जुन्या प्लगवरून घेऊ नये, इंजिनाच्या पुस्तकावरून घ्यावा आणि जुन्याशी ताडून पाहावा.

आता हा नंबर म्हणजे काय? याला वाटत होतं की तो नुसता दुकानदारांचा परवलीचा शब्द. तसं नाही. त्यातलं प्रत्येक अक्षर काहीतरी सांगतं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञान नाही. पण शब्द फोडून अर्थ लावायचा हे आमचंच काम की!

बी म्हणजे आट्यांची जाडी, १४ मिलिमीटर. ७ म्हणजे उष्णतेचा क्रमांक, त्याचं पुढे सांगते. एच म्हणजे आट्यांची लांबी, १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. एस म्हणजे आतला साधा तांब्याचा गाभा. आणि शेवटचे १० म्हणजे टोकावरची फट १.० मिलिमीटर. ते १० नसतील तर फट त्याहून कमी येते. मध्ये आर असला तर आत रेझिस्टर असतो, म्हणजे रेडिओसारख्या उपकरणांत खरखर येत नाही.

त्यानं वहीत लिहून घेतलं. इंग्रजी अक्षरं, माझ्यासमोर, न कुरकुरता!

उष्णतेचा क्रमांक हा यातला खरा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी पडते. बोटीचं इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे मारत असेल तर सेकंदाला ८३ ठिणग्या झाल्या आणि तासाला ३ लाख. ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्याही वर जातं, आणि ह्या सगळ्यात प्लगचं टोक उभं असतं. ते टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहावं लागतं. ४५०च्या खाली राहिलं तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाही, साठत जाते, आणि वीज फटीतून उडी मारायच्या ऐवजी काजळीवरून वाट काढते. मग ठिणगीच नाही. आणि ८५०च्या वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं. त्यात पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं.

म्हणून प्लगनं मिळालेली उष्णता योग्य वेगानं बाहेर सोडली पाहिजे. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असलं तर उष्णता हळू निघते. तो 'गरम' प्लग. नाक आखूड असलं तर लवकर निघते. तो 'थंड' प्लग. गरम चांगला की थंड चांगला असा प्रश्नच नाही. ज्या इंजिनाला जो लागतो तो चांगला.

हे कळल्यावर हा परभणीला प्लग आणायला गेला आणि दुकानातून मला फोन.

"बाई, बी-सात आहे म्हणतेत. आटे तेच, पाना तोच लागतो. फक्त एक अक्षर वेगळं आहे, एचच्या जागी ई. दुकानदार म्हणतोय, बसतंय की! काय फरक पडतोय?"

एक अक्षर वेगळं! मराठीच्या बाईला हे सांगायचं? 'दिन' आणि 'दीन' यात एका वेलांटीचाच तर फरक असतो. 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे पाणी. वर्गात मी हे शंभरदा फळ्यावर लिहिलं असेल आणि मागच्या बाकावरून शंभरदा जांभया आल्या असतील.

ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. एच १२.७. म्हणजे ई-वाला प्लग त्या डोक्यात बसला असता, अगदी घट्ट बसला असता, पण आत सहा मिलिमीटर जास्त घुसला असता. तिथे वरखाली धावणारा पिस्टन आहे. पिस्टन टोकाला ठोकला तर इंजिन गेलं. ठोकला नाही तरी बाहेर आलेले आटे तापून लाल होतात आणि त्यांच्यावर कार्बन बसला की प्लग काढताना भोकातले आटे घेऊन येतो. आणि हे सगळं कळणार कुठे? काठावर नाही, भर पाण्यात.

मी म्हटलं, "घेऊ नकोस. बसतो तो वेगळा आणि लागतो तो वेगळा."

मग दुकानदारानं दुसरा पर्याय काढला, इरिडियमचा. कितीतरी पट महाग, चकचकीत डबीत. "सगळ्यात भारी हाच, डोळे झाकून घ्या." इरिडियम हा कठीण धातू. त्याचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, ते कमी झिजतं आणि कमी दाबाच्या विजेवरही ठिणगी टाकतं. यात खोटं काही नाही. पण बारीक टोकाचा असला म्हणून त्याला आट्यांची लांबी आणि उष्णतेचा क्रमांक माफ होत नाही. दुकानात होता तो नेमका ह्या इंजिनाचा नव्हताच. आणि तेल अंदाजानं घालणाऱ्याचा भारी प्लगही शेवटी काळाच होणार. लग्नाच्या मांडवात शिंप्याला उगाच नाही विचारत, माप कुणाचं घेतलंय म्हणून!

तिसरा प्रस्ताव आला दुसऱ्या कंपनीच्या प्लगचा. चॅम्पियन एल८२सी. दुकानदार म्हणाला, सात कुठे आणि ब्याऐंशी कुठे, हा तर लईच पॉवरचा! इथे मात्र मजा आहे. तक्ता काढून बघितलं तर बी७एचएसच्या समोर एल८२सीच दिलेला असतो. म्हणजे आकडा एवढा मोठा दिसला तरी प्लग जवळपास त्याच जातीचा. आकडा हा 'पॉवर' नसतोच मुळी. एवढंच नाही, कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या उलट चालतात. एनजीके आणि डेन्सो यांचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियन यांचा आकडा वाढला की गरम होत जातो. म्हणजे एकीचा सातवरून आठ केला तर थंडीकडे गेलात, दुसरीचा सातवरून आठ केला तर गरमीकडे. गंमत नाही, यात इंजिनं जातात.

आमच्या पिढीला त्यात आणखी एक घोळ आठवेल, तो मायकोचा. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, बॉशचीच भारतातली कंपनी, १९५१ साली सुरू झालेली. २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण आमच्याकडे जुनी माणसं अजून कुठल्याही प्लगला 'मायको' म्हणतात. तर बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडे तीन अंकी असायचे, १७५, २२५ असे, आणि तेव्हा आकडा मोठा म्हणजे प्लग थंड असा हिशेब होता. नंतर त्यांनीच एक-दोन अंकी आकडे आणले आणि हिशेब उलटा केला! म्हणून जुना मेकॅनिक आणि नवा मेकॅनिक एकाच कंपनीच्या प्लगवर भांडू शकतात आणि दोघंही आपापल्या काळात बरोबर असतात. हे मला माणसांच्या बाबतीतही पुष्कळदा दिसलं आहे, पण तो विषय वेगळा.

एल८२सी तेव्हा चालला असता का? उष्णतेच्या हिशेबानं चालला असता, फट तेवढी पुस्तिकेप्रमाणे तपासावी लागली असती. पण दुकानात एकच नग होता. दोन सिलिंडरना दोन कंपन्यांचे प्लग घालून पाण्यात जायचं माझ्या मनाला पटेना. त्यालाही नाही पटलं.

मग मावसबंध कामाला आले. माझ्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त रत्नागिरीला असतो. हे वाचतो आहेसच ना रे? त्याला नंबर पाठवला. मिरकरवाडा बंदराजवळ हे इंजिन आणि हे प्लग म्हणजे आपल्याकडे नांगराचा फाळ असावा इतकी रोजची गोष्ट. "मावशी, किती पाठवू?" चार, म्हटलं. दोन लावायला, दोन होडीत ठेवायला. पक्कं बिल घे, कारण नामांकित कंपन्यांचे नकली प्लग बाजारात असतात आणि डबीवरून ओळखू येत नाहीत. सोबत तेल पाठव, बोटीच्या इंजिनाचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं.

हे तेल वेगळं का? स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, आणि ते तापतं खूप. बोटीचं इंजिन खालून पाणी ओढून थंड होतं, त्यामुळे ते बऱ्यापैकी गारच चालतं. स्कूटरच्या तेलातली काही द्रव्यं त्या गारव्यात नीट जळत नाहीत, राख आणि काजळी होऊन बसतात. आणि प्रमाण? पुस्तिकेत ५०ला १. म्हणजे लिटरला २० मिलि. दहा लिटरला २००. हा घालत होता जवळपास दुप्पट. त्यात जाळं सोडताना तासन् तास इंजिन अगदी हळू चालवायचं. प्लग तापायला वेळच नाही, काजळी जळणार कशी?

शिवाय पेट्रोल. २०२५पासून आपल्याकडे बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. पाण्यावर राहणाऱ्या टाकीत असं पेट्रोल महिना महिना पडून राहिलं तर पाणी खाली बसतं, आणि जुन्या बोट-इंजिनांच्या कित्येक पुस्तिका तर १० टक्क्यांच्या पुढे इथेनॉल चालत नाही असं सांगतात. पंपावरचं तर बदलता येत नाही. तेव्हा ताजं घ्यायचं, लागेल तेवढंच घ्यायचं, टाकीच्या नळीवरचा पाणी अडवणारा फिल्टर बघत राहायचा.

पार्सल आलं त्या दिवशी तो मुलाला घेऊन आला. मी ओट्यावर चार प्लग मांडले आणि पोराला म्हटलं, वाच. त्यानं वाचलं. "आता प्रत्येक अक्षराचा अर्थ सांग." त्यानं सांगितला, एकही न चुकता. बापानं वहीवरून घोकून घेतलं होतं म्हणे, दोन रात्री! मी बापाकडे बघितलं तर तो खिडकीबाहेर बघत होता, सवयीप्रमाणे.

बसवायचं तंत्रही पुस्तिकेतून वाचून घेतलं. इंजिन गार असताना काम करायचं. आधी भोकाभोवतीची माती फुंकून काढायची, नाहीतर ती आत जाते. फट फिलर गेजनं तपासायची. प्लग आधी हातानं फिरवत न्यायचा, पान्यानं नाही. तिरका लागला तर हाताला कळतं, पान्याला कळत नाही. पूर्ण बसला की नव्या प्लगला पान्यानं साधारण अर्धा फेरा, बस्स. जोर दाखवायचा नाही, डोकं ॲल्युमिनियमचं असतं.

पण खरी परीक्षा प्लगची नव्हतीच. त्याची बायको दोन दिवसांनी आली, पदरानं कपाळ पुसत बसली, आणि म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा. आता बंद पडणार नाही नं? तुम्ही हो म्हणलात तर पाठवते पोराला."

काय सांगणार? योग्य प्लग, योग्य तेल, ताजं पेट्रोल, सगळं झालं तरी यंत्र ते यंत्र. बंद पडणार नाही, असा शब्द मी कुणाच्या आईला देऊ शकत नव्हते. मी तिला म्हटलं, "बंद पडणार नाही असं मी म्हणत नाही. बंद पडलं तर काय, हे ठरवून जाऊ दे." आणि यादी केली. वल्ही दोन, होडीला बांधलेली. जीवरक्षक जाकीट दोघांना, अंगात, बुडाखाली नव्हे. जादा प्लगची जोडी आणि पाना प्लास्टिकच्या घट्ट डब्यात. टॉर्च. इंजिन बंद करायची ती लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवलेली. वारं वाढलं तर परत फिरायचं. मासे कुठे जात नाहीत.

तिनं यादी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "वल्ह्याचं आधी लिहा." मी वल्ही वर घेतली. तिचं बरोबर होतं.

पोरगं जातंय आता. तेल मापानं घालतंय. जाळं सोडून झालं की परतताना काही मिनिटं इंजिन चांगल्या वेगानं चालवायचं, म्हणजे प्लग तापून स्वतःला साफ करून घेतो, हे त्यानं लक्षात ठेवलंय. मध्ये प्लग काढून त्याचा फोटो मला पाठवला होता. टोक फिकट तपकिरी, आमच्या घरच्या चहात दूध जरा जास्त झालं की होतो तसा रंग. खाली त्यानं लिहिलं होतं, "बाई, जीभ चांगली आहे."

निवृत्त होऊन मला पुष्कळ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत "चालतंय की", "बसतंय की", "काय फरक पडतोय" ही वाक्यं मी इतक्या जागी ऐकली आहेत, शाळेत, कचेरीत, दवाखान्यात आणि लग्न जुळवणाऱ्या बैठकीतही! बहुतेक वेळा खरंच चालून जातं, म्हणून तर ती वाक्यं जिवंत राहिली. काठावर कुठलाही प्लग चालतो. पाण्याच्या मध्यावर चालेल तो कोणता, हे मात्र कुणीतरी चष्मा लावून एकेक अक्षर वाचावं तेव्हाच कळतं, आणि ते वाचायला फार शिक्षण लागत नाही. शेवटच्या बाकावरचा माझा विद्यार्थी ते दोन रात्रींत शिकला.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे स्कूटर, फवारणी पंप, जनरेटर, गवत कापायचं यंत्र असं काही असेल त्यांनी एकदा प्लगवरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर शेजारी ठेवून बघा. जुळत नसेल तर मला जरूर कळवा. आणि धाकटे, तुझ्या बंगल्यातल्या त्या जनरेटरचाही बघ.